तीन नकार, एक होकार आणि न आलेलं इंटरलॉक मशीन

आमच्या मुलुंडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक ताई ब्लाउज शिवतात. गणपतीच्या आधी महिनाभर त्यांच्या दाराबाहेर चपलांची रांग असते आणि आत पिशव्यांचा ढीग. २०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला होते, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं जुनं इंटरलॉक मशीन, म्हणजे कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून शिवणारं, बंद पडलं. मेकॅनिकने पार्ट मिळणार नाही म्हणून हात वर केले. दुकानात नवीन मशीन वीस हजारांच्या वर सांगत होते. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात स्वातंत्र्यदिनाच्या ऑफरमध्ये तेच मॉडेल १८,४५० रुपयांना होतं. पंधरा ब्लाउजांची शिलाई वाचत असेल तर कोण सोडेल?

ताई मोबाइलला बिचकणाऱ्यांतल्या नाहीत. लेस, हुक, अस्तराचं कापड त्या वर्षानुवर्षं ऑनलाइन मागवतात आणि विजेचं बिल फोनवर भरतात. हे आधीच सांगतो, कारण पुढे दोन ठिकाणच्या माणसांनी त्यांना ‘तुम्हालाच जमलं नसेल’ असं ऐकवलं.

माझी नोकरी बँकेत झाली. शेवटची नऊ वर्षं रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे दोन बाजूंच्या नोंदी जुळत नसतील तर पैसा कुठे लटकलाय ते शोधायचं. निवृत्तीनंतर इमारतीतली अशी कामं आपसूक माझ्याकडे येतात. हे प्रकरण ताईंच्या परवानगीने लिहितोय. बँकेचं आणि दुकानाचं नाव देत नाही.

पहिला नकार

गुरुवार, ८ ऑगस्ट. रात्री पावणेदहाला ताईंनी डेबिट कार्डाचा नंबर टाकला आणि पडद्यावर आलं : ‘व्यवहार अयशस्वी. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ पुन्हा केला, पुन्हा तेच. खात्यात पैसे होते, आकडे बरोबर होते.

मी दुसऱ्या दिवशी विचारलं, “ताई, कार्ड नवीन आहे का?”

“हो काका, जुनं संपलं म्हणून जुलैत पोस्टाने आलं. एटीएममधून पैसे काढलेत की त्यातून.”

तिथेच उत्तर होतं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये परिपत्रक काढलं. त्यानुसार नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएममध्ये आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा. नियम चांगला आहे. पोस्टातून कार्ड भलत्याच्या हाती पडलं तरी त्याला त्यावर ऑनलाइन खरेदी करता येत नाही. पण कार्डासोबत आलेल्या पत्रात ही सूचना चौथ्या परिच्छेदात होती, आणि पडद्यावर तर तिचा मागमूस नव्हता.

एक आतली गोष्ट सांगतो. बँकांच्या यंत्रणा एकमेकींशी बोलताना नुसतं ‘अयशस्वी’ म्हणत नाहीत. प्रत्येक नकारासोबत दोन आकडी कोड जातो. ५१ म्हणजे शिल्लक नाही, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ६१ म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त रक्कम, ९१ म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणाच उत्तर देत नाही. ५७ म्हणजे या कार्डाला हा प्रकार करायची परवानगी नाही. ऑनलाइन वापर बंद असलेल्या कार्डाला मला ५७ अपेक्षित होता. म्हणजे कारण यंत्राला ठाऊक असतं. ते ग्राहकापर्यंत येताना मध्ये कुणीतरी सगळ्या आकड्यांवर एकच शब्द लिहून टाकतं. काही कारणं लपवायला हवीत हे मला मान्य आहे, चोराला कशाला शिकवायचं? पण ‘तुमच्या बँकेकडे चौकशी करा’ एवढं सांगितल्याने कोणत्या चोराचं भलं होणार आहे?

दुसरा नकार

यात एक गाठ आणखी होती. त्याच गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास ताईंनी सिमकार्ड बदलून घेतलं होतं. जुनं वारंवार नेटवर्क सोडायचं. मोबाइल कंपनीच्या गॅलरीतला मुलगा म्हणाला, “तासाभरात चालू होईल.” झालंही. फोन लागत होता, इंटरनेट चालत होतं. म्हणून सिमचा संशय कुणालाच आला नाही.

ऑनलाइन वापर चालू करायला बँकेचं ॲप उघडलं, तर ॲप म्हणालं, सिम बदललंय, पुन्हा नोंदणी करा. त्या नोंदणीसाठी फोनवरून बँकेला एक एसएमएस जावा लागतो. तो जाईना. शुक्रवारी सकाळी मी त्यांना स्टेशनजवळच्या एटीएमवर घेऊन गेलो आणि तिथे ‘ऑनलाइन वापर’ चालू केला. (ही सोय ॲप, इंटरनेट बँकिंग, एटीएम आणि फोन अशा वेगवेगळ्या मार्गांनी देण्याचं बंधन त्याच २०२० च्या परिपत्रकात आहे. रांगेतल्या लोकांना मात्र ते पटलं नाही. चार मिनिटं मशीन अडवल्याबद्दल मागून बरंच ऐकलं.)

अकरा वाजता घरी येऊन पुन्हा प्रयत्न. या वेळी पान पुढे सरकलं आणि ओटीपीची चौकट आली. ओटीपी आला नाही. ‘पुन्हा पाठवा’ दोनदा दाबलं. मग चौकटच मिटली : अयशस्वी.

ओटीपी पाठवला गेला होता. अडकला होता तो सिमपाशी. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपन्यांना आदेश दिला की सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएसची ये-जा बंद ठेवायची. कारण उघड आहे. दुसऱ्याच्या नावाने सिम काढून, त्यावर ओटीपी घेऊन रातोरात खातं रिकामं करण्याचे प्रकार होत होते. खऱ्या मालकाला जाग यायला एक दिवस मिळावा, हा हेतू. मला हा आदेश आवडतो. गॅलरीतल्या मुलाला तो माहीत नव्हता याचं मात्र आश्चर्य वाटतं, कारण दिवसाला किती सिमं बदलून देत असेल तो!

ताई वैतागल्या. “काका, आधी तर नुसता नंबर टाकला की खरेदी व्हायची ना?” व्हायची. पुढचा आकडा, मुदतीची तारीख आणि मागचे तीन अंक, एवढ्यावर. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये जास्तीची एक खूण सक्तीची केली आणि १ ऑगस्ट २००९ पासून कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन खरेदीला ती लागू झाली. सुरुवातीला ती खूण म्हणजे ठरावीक पासवर्ड असायचा. तो लोक विसरायचे किंवा पाकिटात कार्डाशेजारीच लिहून ठेवायचे. पुढे ओटीपी आला. ‘मी ही खरेदी केलीच नाही’ म्हणत येणारी माणसं मी आधीही पाहिली आहेत आणि नंतरही. नंतर ती फार कमी झाली. त्यामुळे ओटीपीला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही.

तिसरा नकार, आणि इथे पैसे गेले

शुक्रवारी संध्याकाळी २४ तास भरले. ७ वाजून १२ मिनिटांनी ओटीपी क्षणात आला, ताईंनी टाकला. चाक फिरत राहिलं. मग पान परत दुकानाकडे आलं : पेमेंट अयशस्वी. त्याच मिनिटाला बँकेचा एसएमएस : खात्यातून १८,४५० रुपये वजा.

हे कसं होतं, ते इथे नीट समजून घेण्यासारखं आहे. ओटीपी बरोबर आला म्हणजे पैसे दिले गेले, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती दोन वेगळी कामं आहेत. ओटीपीने फक्त एवढं ठरतं की कार्ड वापरणारी व्यक्ती खरी आहे. ती खूण कार्ड देणाऱ्या बँकेच्या यंत्रणेकडून दुकानाच्या पेमेंट गेटवेकडे, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या मधल्या यंत्रणेकडे जाते. मग गेटवे दुकानाच्या बँकेमार्फत, कार्डाच्या (रुपे, व्हिसा अशा) जाळ्यातून, आपल्या बँकेला दुसरा प्रश्न विचारतो : एवढी रक्कम देता का? बँक शिल्लक पाहते, पैसे कापते आणि ‘हो’ म्हणते. तो ‘हो’ त्याच वाटेने उलटा परत जातो. वाटेत कुठेही अडला तर दुकानाची यंत्रणा ठरलेले काही सेकंद थांबते आणि व्यवहार ‘अयशस्वी’ म्हणून मिटवते. बँकेच्या वहीत पैसे गेलेले, दुकानाच्या वहीत आलेच नाहीत. आणि दोन्ही वह्या आपापल्या जागी खऱ्या!

अशा वेळी मागोमाग उलट नोंदीचा संदेश जायला हवा. पुष्कळदा जातो आणि पैसे काही मिनिटांत परत येतात. तोही हरवला तर मग फायली जुळवताना माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर ती रक्कम दिसेपर्यंत ती ना ताईंची, ना दुकानाची.

ताईंनी त्या घाईत एक गोष्ट फार चांगली केली. तिन्ही वेळचे पडदे आणि बँकेचा एसएमएस यांचे फोटो काढून ठेवले. सवय शिवणकामातली आहे. गिऱ्हाईक ‘मी असा गळा सांगितलाच नव्हता’ म्हणतं, म्हणून त्या प्रत्येक मापाचा फोटो ठेवतात.

होकार

ऑफर त्या रात्री संपणार होती. म्हणून पावणेआठला ताईंच्या यजमानांनी आपल्या फोनवरून यूपीआयने दुसरे १८,४५० भरले. दोन सेकंदांत हिरवी टिक आली, ऑर्डर नंबर आला. घरात सुटकेचा श्वास.

वीस मिनिटांनी ईमेल : ‘तुमची ऑर्डर सुरक्षा पडताळणीसाठी थांबवली आहे.’ शनिवारी एक लिंक आली. त्यावर मागितलं होतं कार्डाचा पुढून-मागून फोटो, ओळखपत्र आणि खात्याचं स्टेटमेंट. मुदत २४ तास.

दुकानाच्या बाजूने आधी बोलतो. एका कार्डावर दोन दिवसांत चार वेळा नकार. मग दुकानाच्या साइटवरच्या त्याच ग्राहकाच्या ऑर्डरसाठी वेगळ्याच नावाच्या माणसाने यूपीआयने पैसे भरले. वस्तू महाग, मोठ्या सणाच्या तोंडावरची. चोरलेली कार्डं चालतात का हे तपासणारे लोक नेमकं असंच करतात : एक चालत नाही, परत मारून बघ, मग दुसरा मार्ग. त्यांच्या टेबलावर मी असतो तर मीही ही ऑर्डर बाजूला काढली असती. बायकोच्या नावाची ऑर्डर आणि नवऱ्याच्या खात्यातले पैसे हा मुलुंडमध्ये सगळ्यात साधा संसार असला, तरी यंत्राच्या लेखी तो संशयच.

आता दुसरी बाजू. पैसे मिळाले होते यूपीआयने, आणि फोटो मागत होते त्या कार्डाचा, ज्यावरून त्यांच्याच म्हणण्यानुसार त्यांना एक पैसाही मिळालेला नव्हता! शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर स्वतःकडे साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्डाच्या नंबराऐवजीचा बदली क्रमांक, वापरायचं, आणि स्वतःजवळ फार तर शेवटचे चार अंक ठेवायचे. मग मागच्या तीन अंकांसकट कार्डाचे दोन्ही फोटो एका लिंकवर चढवून घ्यायचे, हे काय आहे? समोरच्या दाराला कुलूप लावून मागच्या खिडकीतून तीच वस्तू मागायची.

ताई विचारत होत्या, “देऊन टाकू का? मशीन तरी येईल.” मी म्हटलं, कार्डाचा फोटो कुणालाही नाही. ओळखपत्र हवं असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं आधार देऊ, ते आधारच्या संकेतस्थळावरच उतरवून घेता येतं. यूपीआय कुणाच्या खात्यातून केलं त्याचा पुरावाही देऊ. तसं लिहून पाठवलं. उत्तर आलं ते आधीच्याच मजकुराचं, फक्त वर ‘प्रिय ग्राहक’ नव्याने.

त्याच दुपारी आणखी एक संकट थोडक्यात टळलं. ताईंच्या यजमानांनी दुकानाचा ग्राहकसेवा नंबर इंटरनेटवर शोधला आणि वरच दिसलेल्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस फारच गोड बोलत होता. पैसे लगेच परत करतो, फक्त एक ॲप उतरवा म्हणजे मला तुमचा पडदा दिसेल. यजमान उतरवायलाच बसले होते. मी वर गेलो नसतो तर हे प्रकरण १८ हजारांवर थांबलं नसतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तो नंबर कळवला. खऱ्या दुकानाने मात्र बोलायला एकही माणूस ठेवला नव्हता. मला वाटतं, खोट्या माणसाचं फावतं ते याच रिकाम्या जागेत.

रविवारी, ११ ऑगस्टला ऑर्डर रद्द झाली.

अडकलेले दोन १८,४५०

यूपीआयचे पैसे बुधवारी, १४ तारखेला परत आले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुकानाने स्वतः रद्द केलेली ऑर्डर, स्वतः परत केलेले पैसे.

कार्डाच्या पैशांची कहाणी वेगळी. ताई सोमवारी शाखेत गेल्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, पैसे दुकानाकडे आहेत, त्यांना विचारा. दुकानाच्या चॅटने सांगितलं, आम्हाला मिळालेच नाहीत, बँकेला विचारा. मधल्या दोन बसेस आणि एक सकाळ गेली, ती कुणाच्याच वहीत नाही. मंगळवारी मी सोबत गेलो.

“साहेब, सात ते दहा वर्किंग डे लागतील, मध्ये पंधरा ऑगस्टची सुट्टी आहे,” तो म्हणाला.

इथे मला बोलावंच लागलं. २० सप्टेंबर २०१९ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक नेमकं या परिस्थितीसाठी आहे, आणि १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे. कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना खात्यातून पैसे गेले पण दुकानाला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. दिवस कॅलेंडरचे, कामकाजाचे नव्हेत. त्यामुळे पंधरा ऑगस्टही मोजायचा, रविवारही मोजायचा. आणि भरपाई ग्राहकाने मागायची वाट न पाहता जमा करायची.

व्यवहार ९ तारखेचा. म्हणजे मुदत १४ ऑगस्टला संपणार. मी मुलाला तेवढंच लिहून दिलं : तारीख, वेळ, रक्कम, एसएमएसमधला बारा आकडी संदर्भ क्रमांक, दुकानाच्या ‘अयशस्वी’ पडद्याची छापील प्रत आणि परिपत्रकाची तारीख. पोच म्हणून शिक्का घेतला आणि तक्रार क्रमांक घेतला. तोंडी तक्रार ही तक्रार नसते, हे मी नोकरीत असताना काउंटरच्या आतल्या बाजूने शिकलो आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण त्या शिक्क्याशिवाय आणि क्रमांकाशिवाय ते तीस दिवस मोजायला सुरुवात कुठून करणार?

लोक इथे एक गल्लत करतात, ती माझ्या इतक्यांदा पाहण्यात आली आहे की लिहूनच ठेवतो. ही १०० रुपयांची भरपाई बिघडलेल्या व्यवहाराला आहे. दुकानाने पैसे घेतले, ऑर्डर रद्द केली आणि रिफंड लांबवला, तर तो व्यवहार बिघडलेला नसतो. तो पूर्ण झालेला असतो, आणि तिथे भांडण दुकानाशी असतं. ताईंच्या दोन रकमा दिसायला सारख्या, रुपयालाही फरक नाही, पण एकीचं भांडण बँकेशी आणि दुसरीचं दुकानाशी. त्यांनी चॅटवर दोन्ही एकत्र लिहिल्या होत्या. म्हणून दुकान ‘तुमचा रिफंड झाला आहे’ म्हणत १४ तारखेचा पुरावा दाखवून तक्रार मिटवून टाकायचं. मी त्यांना दोन वेगळ्या तक्रारी करायला लावल्या, तेव्हा गाडं हललं.

कार्डाचे पैसे २० ऑगस्टला आले. मुदतीनंतर सहावा दिवस. भरपाई आली नाही. आपोआप जमा व्हायला हवी होती, पण झाली नाही. दुसरं पत्र दिलं. ३ सप्टेंबरला ताईंच्या खात्यात ५०० रुपये जमा झाले.

पाचशे का? बँकेचं म्हणणं, पैसे २० तारखेला आले म्हणजे तो दिवस उशिरात धरायचा नाही. माझं म्हणणं, पाच दिवसांची मुदत १४ ला संपली, १५ पासून २० पर्यंत बोटं मोजा, सहा होतात. मॅनेजर भले गृहस्थ आहेत. चहा दिला, बोटं मोजली, आणि म्हणाले, “साहेब, सिस्टीम पाचच घेते.”

मशीन ताईंनी मधेच, १७ तारखेला, दादरच्या एका दुकानातून आणलं. १९,८०० ला. दुकानदाराने समोर कापडाची चिंधी घालून चालवून दाखवलं, यजमानांनी काउंटरवरचा क्यूआर स्कॅन केला, आणि कुणी कुणाचा फोटो मागितला नाही. टॅक्सीने घरी आणलं त्याचे वेगळे साडेपाचशे.

उरलेल्या शंभर रुपयांसाठीचं तिसरं पत्र मी टाइप करून ठेवलं आहे. त्यावर ताईंची सही हवी. दोनदा वर जाऊन आलो, पण नवरात्राचे ब्लाउज आलेत, आणि मशीन चालू असताना त्या मान वर करत नाहीत.